महाग हेअर ड्रायर की एक वीत अंतर?

पावसाळा लागला की न्हालेले केस वाळत नाहीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. सकाळी डोक्यावरून अंघोळ करावी तर कॉलेजची किंवा कचेरीची वेळ होते, आणि ओल्या केसांची वेणी घालावी तर संध्याकाळपर्यंत त्यांना कुबट वास येतो. या अडचणीवर बाजारात हेअर ड्रायर हे उत्तर तयार असते. परंतु त्यातही प्रकार फार. जत्रेतल्या स्टॉलवर काहीशे रुपयांत मिळणारा बिननावाचा ड्रायर आहे, हजार-दोन हजारांत मिळणारा नावाजलेल्या कंपनीचा आहे आणि मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये तीस हजारांच्या आसपास किंमत असलेलाही आहे.

साहजिकच प्रश्न पडतो की महाग यंत्राने केस कमी खराब होतात का? त्याने केसगळती थांबते का? आणि एवढे पैसे घालणे शहाणपणाचे आहे का? या प्रश्नांचा आज थोडा खोलात जाऊन विचार करू.

केस कशाचा बनलेला असतो?

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. त्याचे मूळ त्वचेत असते आणि तेवढाच भाग जिवंत असतो. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. नख कापल्यावर दुखत नाही, तसेच केसाचेही. म्हणून बाहेरचा केस एकदा खराब झाला, की तो जखमेसारखा भरून येत नाही. कोणतेही यंत्र वा तेल त्याला पुन्हा मूळचा करू शकत नाही. पुढचे नुकसान टाळणे एवढेच आपल्या हाती असते.

केसाच्या बाहेरच्या बाजूस कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. ते नीट बसलेले असले म्हणजे केस चमकतो व गुंतत नाही. केस भिजला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी आत शोषून घेतो, फुगतो, आणि पापुद्रे किंचित उचलले जातात. ओला केस जास्त ताणला जातो व लवकर तुटतो तो यामुळेच. ओल्या केसांतून बारीक दातांचा कंगवा जोराने ओढणे हे अनेकदा ड्रायरपेक्षाही जास्त घातक असते.

वाळणे म्हणजे काय? तासगावच्या बेदाण्याचा धडा

वाळवण्याचे शास्त्र आपल्या सांगली जिल्ह्याला नव्याने शिकवायला नको. तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या बेदाण्याच्या शेडकडे पाहा. द्राक्षे द्रावणात बुडवून, जाळ्यांच्या रॅकवर एकाखाली एक पसरून सावलीत वाळवतात. ती भर उन्हात टाकली तर बेदाणा काळवंडतो. शेडमधून खेळता, कोरडा वारा हवा असतो. तो मिळाला की साधारण पंधरवड्यात माल तयार होतो. अवकाळी पाऊस आला आणि हवा दमट झाली की मात्र वाळणे थांबते व बागायतदाराच्या जिवाला घोर लागतो.

केसांचेही तसेच आहे. वाळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवेचा कोरडेपणा, वारा आणि थोडी ऊब. ऊब तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे लक्षात ठेवावे.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर एकाच दिवशी दोन प्रकारची हवा असते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात उन्हाळ्यात ओले केस अंगणातल्या सावलीत मोकळे सोडले तरी बघता बघता वाळतात. तेथे त्या दिवसांत ड्रायरवर एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. याउलट महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच पाण्याने इतकी भरलेली असते की पंख्याखाली तासभर बसूनही केस ओलसरच राहतात. अशा वेळी गरम हवा उपयोगी पडते. २५ अंश सेल्सिअसची पूर्ण दमट हवा ५० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे चौथाईवर येते. म्हणजे तीच हवा पाणी शोषायला तयार होते. ड्रायरचे सारे काम एवढेच आहे.

वॅट सगळ्यांचा सारखाच

ड्रायरच्या आत एक तापणारी तार, एक पंखा आणि तापमान फार वाढल्यास वीज तोडणारी एक लहान पट्टी असते. हजार रुपयांचा असो वा तीस हजारांचा, १२०० वॅटचा ड्रायर तेवढीच वीज घेतो व जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता करतो. महाग यंत्रातला वॅट जास्त गरम नसतो.

आता एक साधा हिशेब करू. टॉवेलने टिपल्यानंतर लांब केसांत १०० मिलिलिटर पाणी राहिले असे समजू. एवढ्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४० किलोज्यूल ऊर्जा लागते. १२०० वॅटचा ड्रायर दहा मिनिटांत ७२० किलोज्यूल देतो, म्हणजे गरजेच्या तिप्पट. यातली बरीच उष्णता इकडेतिकडे उडून जाते हे खरे. परंतु उष्णतेची टंचाई स्वस्त यंत्रातही नसते, एवढे यावरून स्पष्ट होते. म्हणून “जास्त वॅट म्हणजे जास्त चांगला” हा समज सोडून द्यावा. हवा किती वाहते व केसावर ती किती गरम पोचते, हे महत्त्वाचे.

खरा अपाय कशाने होतो?

या विषयावर दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ साली एक उपयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. केसांच्या बटा पुन:पुन्हा धुऊन, तीस वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने वाळवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आल्या. ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरला तेव्हा केसाजवळ तापमान ४७ अंश होते, १० सेंटिमीटरवर ६१ अंश, आणि ५ सेंटिमीटरवर चक्क ९५ अंश. यंत्र तेच, फक्त हात पुढे सरकला आणि तापमान दुप्पट झाले.

तापमान वाढले तसे केसाच्या पृष्ठभागाचे नुकसान वाढत गेले. पण आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. नुसत्या हवेवर वाळू दिलेल्या केसांचा पृष्ठभाग चांगला राहिला, तरी आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा झालेली दिसली. केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहणे हेही त्याला मानवत नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. १५ सेंटिमीटर अंतर राखून, ड्रायर सतत हलता ठेवून वाळवणे हे नैसर्गिक वाळण्यापेक्षाही कमी अपायकारक आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. हा प्रयोग कापलेल्या बटांवर झालेला होता, जिवंत डोक्यावर नव्हे. तेव्हा त्यावरून घरी रोज ड्रायर फिरवावा असे कोणी समजू नये. परंतु “ड्रायर म्हणजे केसांचे वाटोळे” हे सरसकट विधान खरे नाही, एवढे नक्की.

दुसरा अपाय अधिक गंभीर आहे. ओल्या केसाला फार तापवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात. असा केस ठिसूळ होऊन मध्येच तुटतो. या विकाराला ‘बबल हेअर’ असे नाव असून त्याची वैद्यकीय नोंद १९८६ साली झाली. बिघडलेला, जास्त तापणारा ड्रायर किंवा ओल्या केसांवर फिरवलेली सरळ करण्याची इस्त्री ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

महाग यंत्रात जास्तीचे काय असते?

ब्रिटनच्या डायसन कंपनीने २०१६ साली एक ड्रायर बाजारात आणला आणि तेव्हापासून महागड्या ड्रायरची चर्चा वाढली. त्यातली लहानशी मोटर मिनिटाला १ लाख १० हजार फेरे घेते. हवेचा झोत जोरदार असल्याने केस वाळायला फार तापमान लागत नाही. शिवाय बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सेकंदाला अनेक वेळा मोजून यंत्र ते आपोआप मर्यादेत ठेवते. ही गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. परंतु जे काम तो तापमापक करतो, ते घरी आपला हात करू शकतो. ड्रायर डोक्यापासून एक वीत दूर धरावा. मोठ्या माणसाची वीत साधारण २० सेंटिमीटर भरते, म्हणजे अभ्यासातल्या १५ सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्तच. झोत आधी आपल्या तळहातावर घेऊन पाहावा. तळहाताला सोसत नसेल तर केसांनाही तो सोसणार नाही.

‘आयन’ सोडणारे ड्रायरही बरेच विकले जातात. ऋण भारामुळे कोरडे केस एकमेकांपासून फिसकटत नाहीत हे पटण्यासारखे आहे. पण ही अडचण थंडीतल्या कोरड्या हवेत येते, आपल्या पावसाळ्यात नव्हे. आयनांमुळे पाणी केसात ‘मुरते’ आणि केस ‘निरोगी’ होतो असे जे सांगितले जाते, त्याला भक्कम स्वतंत्र पुरावा नाही. ‘सिरॅमिक’ भागामुळे उष्णता अधिक सारखी पसरते एवढाच अर्थ घ्यावा.

आता पैशाचा हिशेब पाहू. आठवड्यातून दोनदा वापर धरला तर पाच वर्षांत ५२० वेळा ड्रायर वापरला जाईल. १२०० रुपयांचे यंत्र प्रत्येक वेळी सव्वादोन रुपयांना पडते, तर तीस हजारांचे सुमारे ५८ रुपयांना. विजेचा खर्च दोन्हीकडे सारखाच. १२०० वॅटवर दहा मिनिटांत एक पंचमांश युनिट जळते.

ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या भगिनींची गोष्ट वेगळी. दिवसभर ड्रायर हातात धरायचा तर वजन कमी असणे, मोटर टिकणे आणि आवाज कमी असणे याला मोल आहे. त्यांनी अधिक पैसे घातले तर ते वसूल होतात. घरच्या वापरात मात्र ते होत नाहीत.

केसगळतीसाठी ड्रायर घेऊ नका

ही बाब सर्वांत महत्त्वाची. ड्रायरमुळे केस तुटू शकतो. पण मुळापासून गळणारा केस हे वेगळे दुखणे आहे. गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते, तुटलेल्या केसाला ती नसते. दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतात. थायरॉइडचे विकार आणि अंगात लोह कमी असणे हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे केस गळतात म्हणून महाग ड्रायर, महाग शाम्पू असा खर्च करणाऱ्या अनेक घरांत खरी गरज हिमोग्लोबिनच्या तपासणीची असते. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती आधी करावी, यंत्राचा विचार नंतर.

खरी गरज कोणाला?

लांब, दाट केस ओले असतानाच अंबाड्यात किंवा पदराखाली रोज बांधून ठेवले, तर ‘व्हाइट पिड्रा’ नावाची बुरशी केसांवर वाढू शकते. पिड्रा म्हणजे स्पॅनिश भाषेत दगड. केसांवर पांढुरके, मऊ खडे चिकटलेले दिसतात आणि ते उवांच्या लिखा समजून घरगुती उपाय चालू राहतात. असे खडे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पावसाळी तालुक्यांतल्या ज्या स्त्रियांना पहाटे शेतावर, शाळेवर वा रुग्णालयाच्या पाळीला जायचे असते, त्यांना साधा ड्रायर उपयुक्त ठरतो. शक्य असेल तर रात्री उशिरा न न्हाता सुट्टीच्या दिवशी सकाळी न्हावे, म्हणजे ड्रायरचीही गरज कमी होते.

बाळंतिणीचे केस शेगडीवर ऊद-ओवा टाकून धुरीवर वाळवण्याची चाल आपल्याकडे आहे. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, आणि तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना दुखवू नये. पण कोळशाऐवजी कमी तापमानावरचा ड्रायर दुरून वापरावा, एवढे त्यांना जरूर समजावून सांगावे. केसांना ऊब मिळावी हा त्यांचा हेतू त्यातूनही साधतो. तान्ह्या बाळाच्या अंगावर मात्र ड्रायरचा झोत कधीही सोडू नये. त्याची त्वचा नाजूक असते व ते “भाजते” असे सांगू शकत नाही. मधुमेही व्यक्तींनी पाय शेकण्यासाठी किंवा कोरडे करण्यासाठी ड्रायर वापरू नये. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास भाजलेले कळत नाही.

ओल्या केसांमुळे सर्दी होते हा समज मात्र सोडावा. सर्दी विषाणूंमुळे होते.

विजेशी खेळ नको

केस खराब झाला तर नवा येतो; विजेचा धक्का बसला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. अमेरिकेत १९९१ पासून ड्रायर पाण्यात पडला तरी वीज आपोआप तुटेल अशी सोय प्लगमध्ये असावी, असा नियम झाला. आपल्याकडच्या ड्रायरच्या प्लगमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून न्हाणीघरात, ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ड्रायर लावू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणे हा महागड्या ड्रायरपेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे, कारण तो साऱ्या कुटुंबाचे रक्षण करतो.

दुसरी गोष्ट सॉकेटची. भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्याची क्षमता सुमारे १३८० वॅट होते. १६०० ते २००० वॅटचा ड्रायर त्यावर लावला तर सॉकेट तापतो, काळा पडतो. असा ड्रायर मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच लावू नये. जत्रेतला बिननावाचा ड्रायर टाळावा तोही याच कारणासाठी. तेथे वाचलेले पाचशे रुपये फार महाग पडू शकतात.

घेताना आणि वापरताना

१. १००० ते १२०० वॅटचा, उष्णता व वेग कमी-जास्त करता येणारा आणि थंड हवेचे बटण असलेला ड्रायर घरासाठी पुरेसा आहे.

२. कंपनीची हमी, पक्की पावती आणि सातारा, कऱ्हाड, सांगली किंवा मिरजेत दुरुस्तीची सोय आहे का, ते विचारावे.

३. मागची जाळी उघडता येते का, ते पाहावे. जाळीत केस व धूळ अडकली की हवा कमी होते आणि यंत्र जास्त तापते. महिन्यातून एकदा प्लग काढून जाळी साफ करावी. चांगला ड्रायर केस जाळू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

४. केस आधी जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावेत, खसाखसा पुसू नयेत. जाड दातांच्या फणीने टोकापासून गुंता सोडवावा. थोडा वेळ पंख्याखाली बसावे व मगच ड्रायर लावावा.

५. एक वीत अंतर ठेवावे, हात सतत हलता ठेवावा, झोत मुळाकडून टोकाकडे सोडावा. केस किंचित ओलसर असतानाच थांबावे. पूर्ण कडक कोरडे करू नयेत.

६. तेल न्हाण्यापूर्वी लावावे. खोबरेल तेल आधी लावल्याने धुताना केसातील प्रथिनांची झीज कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तो अभ्यास खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता हे ध्यानात ठेवावे. तरी आपल्या आजीची पद्धत मोडीत काढण्याचे कारण नाही. तेल लावलेल्या केसांवर मात्र गरम झोत सोडू नये.

७. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा वायर सोललेली दिसली तर ड्रायर त्याच क्षणी बंद करावा.

तात्पर्य, मध्यम किमतीचा, विश्वासू दुकानातला ड्रायर आणि आपल्या हाताची एक वीत एवढ्याने घरचे काम उत्तम भागते. तीस हजारांच्या यंत्रातली हुशारी खोटी नाही. पण ती ज्या चुकीपासून वाचवते, ती चूक आपण फुकटात टाळू शकतो. उरलेल्या पैशातून रक्ताची तपासणी, घरात एक आरसीसीबी, आणि ताटात हिरवी पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये व वर पिळलेले लिंबू एवढे केले, तर केसांबरोबर सारे शरीरच त्याची पोच देईल.